मामांचा गठ्ठा

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. एकोणतीस वर्षं झाली. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, कारण थिएटरात गोड बोलून एकही कात्री जागेवर राहत नाही. ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे तो एकटाच माझ्या रागाला भीक घालत नसे. त्याला सगळे मामा म्हणत. कुणाचे मामा, कधीपासून, कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे सर्जन, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणतो, ते मामांपेक्षा चांगले सहा वर्षांनी मोठे, पण तेही मामाच म्हणायचे.

मामा वाफेच्या खोलीत होते. थिएटरच्या मागे एक लांबट खोली आहे. खिडक्यांच्या काचा बारा महिने घामेजलेल्या, मधे लांब टेबल आणि कोपऱ्यात वाफेचं मोठं यंत्र. ऑपरेशनला लागणारं कापड तिथे कापलं जातं, शिवलं जातं, घड्या घालून गठ्ठ्यात बांधलं जातं आणि वाफेवर निर्जंतुक केलं जातं. त्या यंत्राला मामा सासूबाई म्हणत. 'सासूबाई आज फणकारल्यात' म्हणजे झडपेतून वाफ गळते आहे. 'सासूबाई निवल्या' म्हणजे गठ्ठ्यांचा ड्रम बाहेर काढायला हरकत नाही. मामींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आईसमोर जन्मात कधी ब्र काढला नाही, आणि इथे सगळं उट्टं काढतात."

आधी ते शर्टांच्या कारखान्यात कॉलर कापायचे. कारखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. अंगाने सुकलेले, कानांवर केस, आणि शर्टाचं बटण उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेलं. गळ्यापाशी उघडा शर्ट म्हणजे कॉलर कापणाऱ्याचा अपमान, असं त्यांचं म्हणणं.

पोटाच्या ऑपरेशनला जे कापड लागतं त्याला आम्ही मॉप म्हणतो. जाळीच्या कापडाचे चार थर एकत्र शिवलेले, वीतभर लांबरुंद, एका कोपऱ्याला नाडी. रक्त टिपायला, आतडी बाजूला धरायला तो वापरतात. रक्तात भिजला की तो पोटातल्या बाकी गोष्टींत असा मिसळतो की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणून पोट शिवण्याआधी जितके घेतले तितके परत आले पाहिजेत. एक जरी आत राहिला तरी पू होतो आणि माणूस हातचा जातो. विकतच्या मॉपमध्ये एक्सरेत दिसणारा धागा असतो. आमचे मॉप मामा ताग्यातून कापून शिवायचे, त्यांत तसला धागा नव्हता. आमच्याकडे फक्त मोजणं होतं.

एका गठ्ठ्यात पाच मॉप. गठ्ठा उघडला की दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचे, हा नियम. मामा आले तेव्हा पहिले सहा महिने मी त्यांचा एकेक गठ्ठा मोजला. एकदा तर ते जेवायला गेले असताना वीस गठ्ठे सोडून पाहिले. सगळ्यांत पाच. मी परत बांधून ठेवले आणि साळसूदपणे निघून आले. संध्याकाळी मामा दारात येऊन उभे राहिले. "सिस्टर, पुढच्या वेळी गाठ डावीकडे मारा. मग मला कळणार नाही."

त्यानंतर हळूहळू आमचं मोजणं सुटलं. कुणी ठरवून सोडलं नाही. आम्ही मॉप मोजायचे सोडून गठ्ठे मोजायला लागलो, चार गठ्ठे म्हणजे वीस. शेवटी परत आलेले मॉप मात्र एकेक मोजायचो, आणि बावीस वर्षांत ते कधी कमी भरले नाहीत. मामांचा गठ्ठा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एखादी नवीन सिस्टर गठ्ठा उघडून मोजायला लागली की मीच म्हणायचे, "मामांचा आहे गं, चल पुढे." हे वाक्य मी किती जणींना शिकवलं कोण जाणे.

त्या सोमवारी सकाळी पावणेआठला मामा सायकलवरून हॉस्पिटलच्या फाटकात शिरत होते. सामान उतरवून मागे सरकणाऱ्या टेम्पोने त्यांना फाटकाच्या खांबावर दाबलं. सायकलचा दांडा पोटात गेला. मी पहिल्या केसची तयारी करत होते तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून पळवत आणलं. चेहऱ्यावरून मी ओळखलं नाही, इतका तो पांढरा पडला होता. गळ्यापर्यंत लावलेल्या बटणावरून ओळखलं.

मोठे डॉक्टर एका ऑपरेशनमध्ये चार वाक्यं बोलले तर आम्ही म्हणतो, आज साहेबांना बोलायची हुक्की आलीय. त्या दिवशी पोट उघडल्यावर ते एवढंच म्हणाले, "मॉप. देत राहा." उजवीकडे लिव्हर फाटलं होतं, आतडं दोन ठिकाणी फाटलं होतं, कंबरेचं हाड मोडून तिथूनही रक्त येत होतं. मी एक गठ्ठा उघडला, दुसरा, तिसरा, चौथा. उघडले आणि दिले. मोजले नाहीत. वेळ नव्हता असं मला म्हणता येईल, पण ते खोटं होईल. वेळ असता तरी मी मोजले नसते. मामांचे होते.

इतक्या जखमी माणसाचं सगळं नीट शिवत बसलं तर तो टेबलावरच जातो. रक्त गेलं की शरीर गार पडतं, रक्त आंबट होतं, आणि असं रक्त गोठत नाही. घालाल त्या प्रत्येक टाक्यातून नव्याने झिरपायला लागतं. म्हणून मुद्दाम ऑपरेशन अर्ध्यावर सोडायचं असतं. फाटलेलं आतडं नुसतं बांधून टाकायचं, लिव्हरभोवती मॉप ठासून भरायचे, ते आत तसेच ठेवायचे आणि पोट न शिवता वरून प्लास्टिक लावून माणसाला आयसीयूत न्यायचं. तिथे ऊब द्यायची, रक्त द्यायचं. दीड दिवसाने परत टेबलावर घेऊन मॉप काढायचे आणि राहिलेलं काम करायचं. तेव्हाही जमलं नाही तर तिसऱ्यांदा. मी एका दमात काम उरकणारी बाई, मला हा प्रकार कधीच आवडला नाही. पण त्याने वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या दिवशी मी त्याच आशेवर उभी होते.

पाऊण तासात आम्ही थांबलो. बादलीतले आणि टेबलावरचे वापरलेले मॉप मी मोजले, अकरा. चार गठ्ठ्यांचे वीस. म्हणजे आत नऊ. फळ्यावर लिहिलं, आणि पोटावरच्या प्लास्टिकला पट्टी चिकटवून तिच्यावरही लिहिलं, 'आत नऊ'.

बाहेर मामी बाकावर बसल्या होत्या. त्या इस्त्रीच्या दुकानात काम करतात, तशाच धावत आल्या होत्या. मला पाहून उठल्या. "शिवलं?"

"नाही मामी. पोट उघडंच ठेवलंय."

"उघडं? माणसाला असं उघडं टाकतात होय?"

"सध्या नुसत्या टाचण्या लावल्यात असं समजा. अंगात ऊब आली की उद्या पक्कं करू."

त्या शिंप्याच्या बायको, त्यांना ते पटलं. दर तासाला त्या आयसीयूच्या दाराशी जाऊन एकच विचारायच्या, "ऊब आली का हो?" मला त्यांचं ते विचारणं ऐकवत नव्हतं.

ऊब आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना पुन्हा टेबलावर घेतलं तेव्हा भूलवाले डॉक्टरसुद्धा जरा हसून बोलले. मोठे डॉक्टर लिव्हरवर पाणी सोडून एकेक मॉप अलगद सोडवत होते आणि मी मोठ्याने मोजत होते. सहा. सात. आठ. मग त्यांचा हात पोटात फिरत राहिला आणि रिकामा बाहेर आला.

"नऊ ना?"

"नऊ."

त्यांनी परत पाहिलं. खाली पाहिलं, आतड्यांमागे पाहिलं, डावीकडे पाहिलं. लिव्हरच्या मागे हात सरकवला तसं तिथून रक्त सुटलं. "प्रेशर सत्तर," भूलवाले म्हणाले. "दहा मिनिटं देतो, त्यापेक्षा जास्त मागू नका."

मोठे डॉक्टर लिव्हर दाबून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, गठ्ठे उघडताना मोजले होते?"

एकोणतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायची कुणाची छाती नव्हती. "नाही," मी म्हटलं. "मामांचे होते."

त्यांनी पुढचा मॉप मागितला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी लिव्हरभोवती परत सहा मॉप भरले. ते मी एकेक करून मोजले, लहान मुलं पाढे म्हणतात तसे. प्लास्टिक लागलं, मामा परत आयसीयूत गेले.

हात धुताना मोठे डॉक्टर बोलले. इतकं लांब बोललेले मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "आत असेल तर लिव्हरच्या मागे, वर छातीच्या पडद्याला चिकटून आहे. तिथे पोचायचं तर लिव्हर सोडवून पूर्ण उचलावं लागेल. उचललं की फाटणार. फाटलं तर सांभाळता येईल असं मी सांगू शकत नाही. आणि तो आत नसेलच, तर मी उगाच माणूस मारेन. एका गठ्ठ्यात चारच होते असं कुणी खात्रीने सांगितलं, तर उद्या मी लिव्हर न उचलता पोट शिवतो." सोनोग्राफी करून पाहिली. साकळलेलं रक्त आणि भिजलेलं कापड त्यात सारखंच दिसलं. सीटीपर्यंत न्यायची मामांची अवस्था नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मामा.

मी वाफेच्या खोलीत गेले. त्याच वाफेतले बाकीचे गठ्ठे ड्रममध्ये होते, बत्तीस. दार लावून घेतलं आणि एकेक सोडायला लागले. मनात एकच होतं, सगळ्यांत पाच निघू देत, म्हणजे मी छातीठोकपणे सांगेन की नववा आतच आहे. अकराव्या गठ्ठ्यात चार निघाले. मी ते टेबलावर पसरून तीनदा मोजले. सव्विसाव्यातही चार निघाले. दोन्ही गाठी डावीकडे होत्या, नेटक्या, त्यांच्याच हातच्या.

मी मामींना आत बोलावलं आणि ते दोन गठ्ठे दाखवले. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मी सांगितलं असतं तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. साखरेमुळे बोटं बधिर झालीत त्यांची. गेल्या आठवड्यापासून तर टोकांना काहीच लागत नाही. घरी डोळे मिटून बटणं मोजायला बसतात. चुकलं की परत पहिल्यापासून. दोन वर्षं राहिलीत म्हणाले, तेवढी निभावतो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हालाच तर सांगायचं नव्हतं."

मी रागावले. खरंच रागावले, त्या बाईवर, तिचा नवरा तसा पडलेला असताना. म्हटलं, माणसांच्या पोटात जातं हे कापड, मामी, कॉलर नाही ती. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. पुन्हा पुन्हा मोजत बसणाऱ्या माणसाला मी बोल लावत होते, आणि एकदाही न मोजणारी मी.

बुधवारी सकाळी आयसीयूत भूल हलकी करून मामांना जागं केलं. तोंडात नळी, हाताला पट्ट्या, पण डोळे उघडले आणि त्यांनी मला ओळखलं. भुवया वर केल्या. वाफेच्या खोलीत मी शिरले की ते अशाच भुवया वर करायचे, म्हणजे आज काय खोट काढलीत?

मी विचारायला आले होते. मोठ्या डॉक्टरांना खात्री हवी होती आणि ती देऊ शकणारा जगात एकच माणूस होता. मी वाकून म्हटलं, "मामा, सोमवारी तुमचे चार गठ्ठे वापरले. एक मॉप कमी भरतोय. ड्रममध्ये दोन गठ्ठे चारांचे निघाले. आठवतं का काही? एखाद्यात चार बांधले होते का?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी उजवा हात थोडा उचलला आणि अंगठा चारही बोटांच्या टोकांवरून फिरवला, एकदा, परत एकदा. कापड मोजताना फिरवायचे तसाच. मग तळवा उलटा करून हात पडू दिला. माहीत नाही. डोळ्यांच्या कडेने पाणी कानावरच्या केसांत गेलं. बावीस वर्षांत त्या माणसाने मला कधी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "बरं." आणि निघाले. मोठे डॉक्टर थांबले होते. मामांना मी धीराचा एक शब्द बोलले नाही, त्यांच्या हातावर हात ठेवला नाही. बरं म्हणाले.

दुपारी तिसऱ्यांदा टेबलावर घेतलं. खात्री कुणीच दिली नव्हती, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी लिव्हर उचलायचं ठरवलं. भरलेले सहा मॉप मोजून काढले, लिव्हर सोडवायला तासभर लागला. मग त्यांनी हात वर, पार मागे घातला आणि काहीतरी हळूहळू ओढलं. काळपट, चिंबलेलं, नाडी लिव्हरखाली अडकलेली. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "नऊ," मी म्हटलं. नऊ आणि अकरा वीस. चारही गठ्ठ्यांत पाच-पाच होते. बोटं बधिर असताना त्या माणसाने ते चारही गठ्ठे बरोबर बांधले होते.

मला आनंद झाला, तो किती टिकला असेल, अर्धा मिनिट. लिव्हर फाटलं होतंच. चौदा पिशव्या रक्त लागलं. पुन्हा मॉप भरले, पुन्हा प्लास्टिक लावलं, आणि पट्टीवर मी आकडा लिहिला. चौथ्यांदा टेबलावर घ्यायची वेळ आली नाही. किडन्या बंद पडल्या, मग अंगावर सूज आली. मामा शुद्धीवर आलेच नाहीत. गुरुवारी आणि शुक्रवारी ड्यूटी संपली की मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगायचे, "पाचच होते मामा. चारही गठ्ठ्यांत पाच." आयसीयूची सिस्टर पाठ करून उभी राहायची. बेशुद्ध माणसाला ऐकू जातं असं लोक म्हणतात. मी इतकी वर्षं भूल दिलेली माणसं पाहिली आहेत, मी स्वतःला फसवू शकत नाही. शनिवारी सकाळी मामा गेले.

बारा-तेरा दिवसांनी मामी त्यांच्या वस्तू न्यायला आल्या. कात्री, चष्मा, टेप. मी सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं. त्यांनी पिशवी घेतली आणि ब्लाउजमधून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. आयसीयूच्या तक्त्याचा फाटका तुकडा होता. त्यावर पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत, जेमतेम लागेल असं लिहिलं होतं, 'चूक माझी. सिस्टरवर येऊ देऊ नको.'

"तुम्ही बुधवारी सकाळी येऊन गेलात ना, त्यानंतर मला आत सोडलं होतं," मामी म्हणाल्या. "खुणेने पेन्सिल मागितली. धरवत नव्हती, मी हात धरला. त्यांचं ऐकायलाच हवं म्हणून मी काल मोठ्या डॉक्टरांना भेटून सगळं सांगितलं, बोटांचं पण. त्यांनी ऐकून घेतलं. आता तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

मी तो कागद वाचला. "मामी," मी म्हटलं, "त्यांची चूक नव्हती. त्या चारही गठ्ठ्यांत पाचच होते. तो नववा आत सापडला. न मोजणारी मी होते."

मामींनी पिशवी टेबलावर ठेवली. "त्यांना कळलं होतं हे?"

"नाही. त्या आधीच त्यांना भूल दिली होती."

त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला, नीट घडी केली. आवाज चढला नाही त्यांचा. "मग तुम्ही त्यांना विचारायला कशाला गेलात, सिस्टर? तुमच्याच मोजण्याचं होतं ना ते?"

लिव्हर उचलण्यात धोका होता, डॉक्टरांना खात्री हवी होती, दुसरा मार्ग नव्हता. हे सगळं खरं आहे आणि मला पाठ आहे. मी मामींची पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत त्यांच्या मागे चालत गेले.